रिपोर्टमध्ये ल्युपस लिहिलंय, म्हणजे मला ल्युपस झाला का?

प्रश्न : डॉक्टर, मी नागपूरची, मानेवाड्याला राहते, वय २९. दोनदा दिवस गेले अन् दोन्ही बाळं गेली, पहिलं आठव्या आठवड्यात, दुसरं यंदा १६ व्या, सोनोग्राफीत ठोकेच नव्हते. पहिल्या वेळी व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची टेस्ट, पॉझिटिव्ह आलं, घरात नको नको ते बोलणं झालं, मग पुढची टेस्ट केली तर निगेटिव्ह. यंदा ॲडमिट होती, पोटात रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू होती, तेव्हाच रक्त घेतलं. ल्युपस अँटिकोॲग्युलंट प्रेझेंट, अँटिकार्डिओलिपिन आयजीएम २२. मला ल्युपस झाला का? सासूबाई म्हणून राहिल्या की पपई खाल्ली म्हणून झालं.

उत्तर : ताई, पपईचा काही संबंध नाही, तुमच्या हातून काहीच चुकलेलं नाही, हे सासूबाईंनाही वाचून दाखवा.

ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार. तुमच्या रिपोर्टमधलं ल्युपस अँटिकोॲग्युलंट ही रक्तातली एक अँटिबॉडी (प्रतिकारक घटक), ती आधी ल्युपसच्या पेशंटमध्ये सापडली म्हणून ते नाव चिकटलं, ती असलेल्या कित्येकांना ल्युपस नसतो. टेस्टमध्ये घोणसचं विष, हो, आपल्या शेतात निघते तीच घोणस, अगदी पातळ करून वापरतात आणि रक्त किती सेकंदांत गोठतं ते मोजतात. अँटिबॉडी असेल तर नळीत उशीर लागतो, पण अंगात नेमकं उलटं, पायात, मेंदूत गुठळ्या होऊ शकतात आणि गरोदरपणात वारेचं काम बिघडतं.

पण तुमचं रक्त घेतलं तेव्हा ती इंजेक्शनं चालू होती ना, ती बहुतेक हेपारिनची, आणि हेपारिननंही ही टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. अँटिकार्डिओलिपिन या दुसऱ्या अँटिबॉडीचा २२ हा आकडाही कमीच, साधारण ४० च्या वर गेला तर आम्ही वजन देतो, आणि एखाद्या इन्फेक्शननंतरही तो तात्पुरता वाढतो. म्हणून या एका रिपोर्टवर शिक्का मारू नका. कमीत कमी १२ आठवड्यांनी टेस्ट परत करा, आणि तेव्हा तिन्ही, कारण या गटातली तिसरी टेस्ट, अँटी-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन, तुम्ही लिहिलेल्यात नाहीच. इंजेक्शन अजून चालू असेल तर मनानं बंद करू नका, रक्त कधी द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

व्हीडीआरएलचं वाचून मात्र फार वाईट वाटलं. त्या टेस्टमध्ये कार्डिओलिपिन हा चरबीसारखा पदार्थच वापरतात आणि अँटिकार्डिओलिपिन त्यालाच चिकटते, त्यामुळे अशी अँटिबॉडी असलेल्या बाईचं व्हीडीआरएल गुप्तरोग नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकतं. ज्यांनी तुम्हाला बोललं त्यांनी माफी मागायला हवी, मी अगदी मनापासून सांगतोय. कधी नुसत्या गरोदरपणातही असं येतं, म्हणून तो पुरावा नाही, पण तो रिपोर्ट इंजेक्शनांच्या आधीचा आहे, शिवाय १६ आठवड्यांचं बाळ गेलंय, त्यामुळे या अँटिबॉडी तुमच्यात खरंच असाव्यात ही शंका मला सोडवत नाही. ते जुने कागद शोधून डॉक्टरांना दाखवाच.

परत टेस्ट होईपर्यंत दिवस जाऊ देऊ नका, पण त्यासाठी इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या नकोत, त्यानं गुठळीचा धोका वाढतो, कंडोम वापरा. दुसऱ्यांदाही पॉझिटिव्ह आलं तर पुढच्या वेळी कमी डोसची ॲस्पिरिन आणि रोजचं हेपारिन देतात. हेपारिन वारेतून बाळापर्यंत जात नाही, आणि या उपचारावर बऱ्याच जणींच्या मांडीवर बाळ आलेलं आहे. इंजेक्शन घरीच घेता येतं, नवऱ्यालाही द्यायला शिकवा.