डॉक्टर हू मधला 'स्लीप नो मोअर' हा फाउंड फुटेज एपिसोड बघण्यासारखा आहे का?

बघा, पण पूर्ण बघा. अर्ध्यात सोडणार असाल तर सुरूच करू नका, कारण याचा सगळा जीव शेवटी आहे आणि मधे नुसती पळापळी. पुढे सगळं फोडून सांगतोय, आधी बघायचा असेल तर इथंच थांबा.

डॉक्टर हू म्हणजे काळातून फिरणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या परग्रहवाल्याची ब्रिटिश मालिका, आणि फाउंड फुटेज म्हणजे सगळं जणू तिथल्याच कॅमेऱ्यात सापडलेलं चित्रण. हा २०१५ चा एपिसोड, नवव्या सीझनमधला नववा. लिहिलाय मार्क गेटिसनं, डॉक्टरच्या भूमिकेत पीटर कपाल्डी. ३८ वं शतक, नेपच्यूनभोवती फिरणारं ल व्हेरिये नावाचं स्पेस स्टेशन (ज्या फ्रेंच गणितज्ञानं कागदावर आकडेमोड करून नेपच्यून कुठं असेल ते सांगितलं आणि १८४६ मध्ये तो जवळपास तिथंच सापडला, त्याचं नाव दिलंय, हे मला लई आवडलं). स्टेशनवरची माणसं गायब, त्यांना शोधायला चार जणांची तुकडी येते, आणि तिथं डॉक्टर आणि त्याची साथीदार क्लारा आधीच टपकलेले. रासमुसेन नावाचा शास्त्रज्ञ सुरुवातीलाच कॅमेऱ्यात बघून सांगतो की हे बघू नका, आणि मग स्वतःच जोडून जोडून सगळं फुटेज दाखवतो. नेहमीचं टायटल म्युझिक पण नाही, नुसती अक्षरांची जाळी येते पडद्यावर.

या माणसानं मॉर्फियस नावाची पेटी बनवलीय, पाच मिनिटं आत पडलं की महिनाभर झोपायची गरज नाही. म्हणजे माणूस चोवीस तास कामाला मोकळा. मी हा एपिसोड अण्णांबरोबर बघितला, म्हणजे वडिलांबरोबर, त्यांची उभी हयात यंत्रमागावर गेली, आणि मी पण कॉलेजात असताना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात वर्षभर रात्रपाळी केलीय. पेटी बघून अण्णा लगेच म्हणाले, "आमच्या मालकाला दाखवू नको रे हे, उद्याच चार आणून ठेवल." मी हसलो, पण गेटिसला म्हणायचंय ते हेच आहे, आणि अण्णांनी ते दहाव्या मिनिटाला पकडलं.

आता भूत. झोप दाबून टाकली की डोळ्यातली घाण वाढत जाते आणि तिचाच राक्षस होतो, क्लारा त्याला सँडमॅन नाव देते (तिकडच्या गोष्टीतला, डोळ्यात वाळू टाकून झोपवणारा). इंग्रजीत हे जरा भारी वाटत असेल, मराठीत सरळ चिपड. चिपडाचं भूत! सायन्स म्हणून याला काहीच अर्थ नाही, चिपड म्हणजे वाळलेला चिकटा, तेल आणि मेलेल्या पेशी, ते माणूस कसं खाईल. तरी मला एका ठिकाणी खरंच किळस आली, कारण रात्रपाळीनंतर पहाटे हौदावर तोंड धुताना सगळ्यांच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या, सुताची बारीक लव बसून, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बोटानं ओढली की चिपडाबरोबर लांब धाग्यासारखी निघायची, संपायचीच नाही. ते आठवलं आणि हातातला शेंगदाणा खाली ठेवला.

मधला भाग मात्र कंटाळवाणा. अंधारे बोळ, हलता कॅमेरा, कोण मेलं कोण उरलं कळत नाही. दार उघडायला गाणं म्हणायला लावतात तो सीन तर ओढूनताणून वाटला. तुकडीत एक चोप्रा आहे, त्या काळात भारत आणि जपान मिळून एक झालेत असं दाखवलंय, पण नाव सोडलं तर त्याचं पुढं काहीच केलं नाही.

साधारण विसाव्या मिनिटाला अण्णांनी विचारलं, "पण शूटिंग कोण करलालाय हे?" मी म्हटलं हेल्मेटमध्ये कॅमेरे असतील. असा प्रश्न पडला की फाउंड फुटेजवाले बहुतेक वेळा काहीतरी थातुरमातुर सांगून पुढं जातात. 'द एक्स फाइल्स' या अमेरिकन मालिकेचा २००० मधला 'एक्स-कॉप्स' एपिसोड बघा, तिथं हा प्रश्नच पडत नाही, कारण पोलिसांबरोबर टीव्हीचे कॅमेरावाले फिरताहेत, एपिसोडच तसल्या कार्यक्रमासारखा शूट केलाय, आणि राक्षस शेवटपर्यंत दिसत नाही. घडण म्हणून तो जास्त सुबक आहे, हे मान्य.

पण इथं अण्णांचा प्रश्न हीच कथा आहे. डॉक्टरच्या लक्षात येतं की हेल्मेटमध्ये कॅमेरेच नाहीयेत. जे मॉर्फियसमध्ये जाऊन आले त्यांचे डोळेच कॅमेरा झालेत, क्लारा चुकून आत अडकते तेव्हापासून तिच्या नजरेतनं दृश्य दिसायला लागतं. आणि चोप्रा कधीच त्या पेटीत गेलेला नाही, म्हणून त्याच्या नजरेतला एकही शॉट नाही. हे कळल्यावर मी मागं जाऊन तपासलं, खरंच नाही! बाकीचे शॉट हवेतल्या धुळीनं टिपलेले, ती धूळ पण चिपडाचीच. शेवटी रासमुसेन सांगतो की हे सगळं तुम्ही बघत राहावं म्हणून रचलं होतं, मधेमधे चित्र फाटत होतं त्यातच बघणाऱ्याला बदलून टाकणारा सिग्नल होता, आणि मग डोळा चोळता चोळता त्याचा चेहराच भुगा होऊन गळतो.

डॉक्टर काहीच न सोडवता पळून जातो, या सगळ्याला अर्थ लागत नाही म्हणतो. काही जण यावरनं चिडतात, मला चाललं.

अण्णा मात्र ट्विस्टच्या आधीच घोरायला लागले होते. सकाळी चहा पिताना विचारलं, "मग कोण करत होता शूटिंग?" म्हटलं, चिपडं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, खांद्यावरच्या टॉवेलानं दोन्ही डोळे नीट पुसले आणि म्हणाले, "रात्री जागत जाऊ नको."