आधी पायी, मग गाडीने

दगडगोट्यांच्या, चिखलाच्या आणि ओढ्यांच्या वाटांवर गटाने गाड्या घेऊन जाण्याविषयी आमच्याकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही अकरा सहकारी पाच फोर-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या) गाड्या घेऊन एका दिवसासाठी खडकाळ वाटेवर जाणार आहोत. अशा वाटेचा अनुभव केवळ दोघांना आहे. गाड्यांचा क्रम कसा ठेवावा आणि दिवसाला किती किलोमीटर धरावेत?

उत्तर : अनुभवी दोघांपैकी एकाने सर्वांत पुढे आणि दुसऱ्याने सर्वांत मागे राहावे. सर्वांत नवख्या चालकाला मागे ठेवण्याची अनेकांना सवय असते, पण मला ती चुकीची वाटते. त्याची गाडी सर्वांत पुढच्या गाडीच्या लगेच मागे असावी, म्हणजे पुढचे चाक कोणत्या दगडावर चढले आणि कोणता दगड त्याने टाळला, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. प्रत्येक चालकाने आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी घ्यावी. आरशातून ती दिसेनाशी झाली की थांबावे. आपण थांबलो की आपल्या पुढचाही थांबतो आणि निरोप न धाडता सगळा ताफा आपोआप उभा राहतो. वाट जेथे फुटते, तेथे मागचा येऊन वळण पाहीपर्यंत जागचे हलू नये.

अंतर किलोमीटरमध्ये न धरता वेळेत धरावे. अमेरिकेतील प्रसिद्ध रुबिकॉन ट्रेल अवघा ३५ किलोमीटरांच्या आसपास आहे. तरीही १९५३ पासून तेथे जीपगाड्यांचे गट जात आले आहेत आणि त्यांतले बहुतेक जण वाटेत मुक्काम करतात. आपल्या पाच गाड्यांचा हिशेब साधा आहे. एका अवघड जागी प्रत्येक गाडीला दहा मिनिटे लागली, तर तेवढ्या वीस पावलांत पन्नास मिनिटे जातात. अशा सहा जागा आल्या की दिवस संपलाच.

अवघड जागेवर एका वेळी एकच गाडी असावी आणि खाली उतरून खुणा करणारा माणूसही एकच असावा. तिघेजण तीन बाजूंनी ‘डावीकडे, डावीकडे’ ओरडू लागले, तर चालकाची डावी बाजू की ओरडणाऱ्याची, हे कोणालाच कळत नाही. म्हणून खुणा हाताने कराव्यात आणि निघण्यापूर्वीच ठरवून घ्याव्यात. खुणा करणाऱ्याने चालकाला सतत दिसेल असे, परंतु गाडी घसरली तर ती जेथे येईल त्या जागेपासून दूर उभे राहावे. तो दिसेनासा झाला की चालकाने ब्रेक दाबावा, अंदाजाने पुढे जाऊ नये.

प्रश्न : वाट सुरू होण्यापूर्वी आमच्या गटप्रमुखांनी सर्वांच्या टायरांतील हवा ३४ पीएसआयवरून (पीएसआय हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) २० वर आणायला लावली. हवा कमी असेल तर टायर लवकर फाटतो, असेच आजवर ऐकले होते. मग हे योग्य कसे?

उत्तर : आपण ऐकलेले डांबरी रस्त्यावर खरे आहे. मऊ टायर वेगात धावताना प्रत्येक फेऱ्याला दबतो आणि सुटतो, त्यामुळे तापतो आणि शेवटी फाटू शकतो. खडकाळ वाटेवर मात्र गाडी माणसाच्या चालीने जाते आणि तेथे प्रश्न उष्णतेचा नसून पकडीचा असतो. हवा कमी केली की जमिनीला टेकणारा टायरचा भाग वाढतो, आणि तो रुंदीपेक्षा लांबीत अधिक वाढतो, त्यामुळे चाक रणगाड्याच्या पट्ट्यासारखे जमिनीवर पसरते. घट्ट फुगवलेला टायर टोकदार दगडावर आला की चाकावरचा सगळा भार त्या टोकावर येतो. मऊ टायर त्याच दगडाला वेढून घेतो. थांबलेल्या गाडीपाशी गुडघ्यावर बसून पाहिलेत तर हा वेढा स्पष्ट दिसतो.

याचा तोटाही आहे. टायरची बाजू फुगून बाहेर येते आणि वाटेच्या कडेच्या धारदार दगडांना तीच आधी लागते. बाजू चिरली तर पंक्चर काढण्याची नेहमीची पद्धत उपयोगी पडत नाही. म्हणून चाकोरीच्या कडा घासत जाऊ नये. साध्या रिमवर हवा १५ पीएसआयच्या खाली नेणे नवख्याने टाळावे, कारण तेवढ्या कमी दाबावर जोरात वळल्यास टायर रिमवरून निसटू शकतो. मोजणी सकाळी, टायर थंड असताना आणि सर्व गाड्यांसाठी एकाच गेजने करावी. परतताना डांबर लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरणे अत्यावश्यक आहे. एका लहान कॉम्प्रेसरवर पाच गाड्यांचे वीस टायर भरायला बराच वेळ जातो आणि नेमका तोच वेळ लोक हिशेबात धरायला विसरतात.

प्रश्न : ओढ्यातून पहिल्या दोन गाड्या सहज गेल्या. तिसरी गाडी माझी, डिझेलवरची; ती मध्येच बंद पडली. मी लगेच किल्ली फिरवली. ‘टक्’ असा आवाज आला आणि इंजिन जाम झाले. गॅरेजवाल्यांच्या मते कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकला आहे. यात माझी चूक कोणती?

उत्तर : हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरले की वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि त्याला जागाच न मिळाल्याने ताकद रॉडवर जाते. रॉड गाडी बंद पडतानाच वाकला असेल किंवा किल्ली फिरवल्यावर वाकला असेल. पण बंद पडताना तो शाबूत असला, तरी दुसऱ्या प्रयत्नाने ती संधी घालवली. ओढ्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नये. ती ओढून बाहेर काढावी आणि एअर फिल्टर उघडून पाहावा. तो ओला असेल, तर डिझेल गाडीचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर आणि पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे, म्हणजे पाणी बाहेर पडते. इंजिन ऑइल दुधी झाले असेल, तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये.

आता तिसरीच गाडी का? पहिल्या दोन गाड्यांच्या चाकांनी तळ उकरलेला असतो आणि त्यांच्या अंगावरून निथळलेल्या पाण्याने पलीकडचा चढ निसरडा झालेला असतो. हे पाहून तिसरा चालक जोर लावतो आणि तेथेच फसतो. सावकाश, एका लयीत गेल्यास बोनेटपुढे एक लाट तयार होते आणि तिच्या मागे इंजिनापाशी पाण्याची पातळी किंचित खाली राहते. वेग वाढला की तीच लाट बोनेटवर चढते, आणि मध्येच थांबलात तर ती परत फिरून इंजिनावर येते. आपण नेमके यांपैकी काय केलेत, ते आपणच आठवून पाहावे.

उतरण्यापूर्वी कोणीतरी काठी घेऊन ओढा पायी ओलांडला होता का, हे आपल्या पत्रात नाही. तळातला खड्डा पाण्याच्या वरून दिसत नाही, तो पायालाच लागतो. वाहत्या पाण्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. सुमारे ३० सेंटिमीटर वाहते पाणी लहान गाडी तरंगवू शकते आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्यांना वाहून नेऊ शकते. चार चाकांना ताकद मिळते म्हणून यात काही फरक पडत नाही. जेथे पायी जाण्याची भीती वाटते, तेथे कोणालाही उतरवू नये आणि गाडीही घालू नये.

प्रश्न : चिखलात रुतलेली गाडी काढण्यासाठी मी ताणला जाणारा दोर ट्रेलर ओढण्याच्या गोळ्याला अडकवला. एक ज्येष्ठ सदस्य सर्वांसमक्ष माझ्यावर ओरडले. एवढे रागावण्यासारखे काय होते?

उत्तर : त्यांचे ओरडणे मला रास्त वाटते. तो गोळा ट्रेलरच्या संथ ओढीसाठी असतो, झटक्यासाठी नाही. ताणलेला दोर मोठ्या गलोलीसारखा ताकद साठवतो. गोळा तुटला की तोच गलोलीतला दगड होतो. अशा तुटलेल्या गोळ्यांनी माणसे मेली आहेत. दोर केवळ गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसवलेल्या, ओढण्यासाठीच असलेल्या हुकांना लावावा. शॅकलवर, म्हणजे दोर हुकाला जोडणाऱ्या धातूच्या कडीवर, भारक्षमता कोरलेली असते. पाऊण इंची बो (कमानदार) शॅकलवर ती सामान्यतः ४.७५ टन असते. कोरलेला आकडा नसेल, तर ती शॅकल वापरू नये. दोन दोर एकमेकांना जोडण्यासाठी मध्ये शॅकल घालू नये. बघ्यांनी दोराच्या लांबीच्या किमान दीडपट दूर उभे राहावे.

आणि दोर काढण्यापूर्वी फावडे काढावे. रुतलेली गाडी बहुधा चाकांमुळे अडकत नाही, पोटाखालच्या चिखलामुळे अडकते. पालथे होऊन ॲक्सलखाली (दोन चाकांना जोडणाऱ्या आसाखाली) पाहावे, तेथला चिखल उपसावा, चाकांपुढे उतार करावा. मग अनेकदा हलक्या ओढीने काम होते. कपडे खराब होतील म्हणून कोणी वाकत नाही आणि सगळे दोराकडे धावतात.

प्रश्न : परतताना डांबरी रस्त्यावर वळणात स्टिअरिंग जड लागत होते आणि गाडी धक्के देत होती. काय बिघडले असावे?

उत्तर : बहुधा फोर-व्हील ड्राइव्ह चालू राहिला आहे. ज्या गाड्यांत तो लावल्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना जखडले जातात, त्यांच्यात वळताना पुढची चाके अधिक अंतर कापतात. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर त्यांना घसरता येत नाही आणि सगळा पीळ गिअरांवर येतो. त्यामुळे फोर-व्हील ड्राइव्ह लावण्या-काढण्याचा लिव्हरही अडकून बसतो. तो जोराने ओढू नये. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी, पीळ सुटतो आणि लिव्हर सहज हलतो.