निफ्टी हिरवा, पण बाकीचा बाजार?

निफ्टी (५० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) चढला म्हणून लगेच खरेदीला धावू नकोस. एचडीएफसी बँक, रिलायन्स असे मोजके वजनदार शेअरही त्याला वर खेचतात. एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजारात) रोज वाढलेल्या शेअरांच्या संख्येतून पडलेल्यांची संख्या वजा कर, आलेला आकडा आधीच्या बेरजेत मिळवत राहा आणि तिची रेघ निफ्टीशेजारी ठेवून बघ. एकट्या दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये निफ्टीने नवा उच्चांक गाठला, तेव्हा मिडकॅप-स्मॉलकॅप (मध्यम आणि लहान कंपन्यांचे शेअर) जानेवारीच्या शिखराखालीच रेंगाळत होते. सप्टेंबरात निफ्टीही आपटला (आयएल अँड एफएस या वित्त कंपनीने कर्ज थकवल्याचं निमित्त झालं, ते वेगळं). मी निफ्टी ५०० (५०० कंपन्यांचा निर्देशांक) मधले किती शेअर २०० दिवसांच्या सरासरी भावाच्या वर आहेत तेही बघतो. निफ्टी वर आणि बाकीचे शेअर खाली, हा इशारा असतो. पण तो कधीकधी महिनोन्‌महिने आधी येतो. म्हणून शॉर्ट करायला (भाव पडेल या अंदाजाने आधीच विकायला) जाऊ नकोस. नव्या खरेदीत हात आखडता घे, स्टॉपलॉस (ज्या भावाला शेअर आपोआप विकला जातो तो) वर सरकव.