नवीन गूज कॉल खूप कडक वाटतोय, तो 'ब्रेक इन' कसा करायचा आणि सराव कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की मिनेसोटात नवीन आहात, ऑफिसातल्या मित्रांबरोबर सप्टेंबरच्या सीझनला पहिल्यांदाच कॅनडा गीजच्या, म्हणजे इथल्या रानहंसांच्या शिकारीला जाणार आहात, त्यांना बोलवायची शिट्टी म्हणून शॉर्ट रीडचा (आत छोटी थरथरणारी पट्टी असलेला) ॲक्रिलिक कॉल घेतलाय आणि पंधरा दिवस फुंकूनही त्यातून जत्रेतल्या पिपाणीसारखा आवाज येतोय. दुकानातला म्हणाला ब्रेक इन होऊ दे, आणि एक मित्र म्हणाला रीड घासून पातळ कर. तर सगळ्यात आधी तो पॉलिशपेपर खाली ठेवा, बाकीचं सावकाश बोलू.

मी रॉचेस्टरला राहतो, सातवा सीझन आहे माझा, स्पर्धाबिर्धा काही जिंकलेल्या नाहीत पण तुमच्या आत्ताच्या जागी मी दोन महिने अडकून बसलो होतो म्हणून लिहितोय.

कॉलच्या आत काय आहे ते आधी समजून घ्या. बाहेरची नळी म्हणजे बॅरल, त्यात खालून बसतो तो इन्सर्ट, आणि इन्सर्टवर असतात त्याला इथे सगळे 'गट्स' म्हणतात, म्हणजे एक टोन बोर्ड, त्यावर मायलर नावाच्या प्लास्टिकची पातळ पट्टी ती रीड, आणि दोन्हीला घट्ट धरून ठेवणारी छोटीशी पाचर. हवा गेली की रीड टोन बोर्डवर थरथरते, आधी खालचा घोगरा सूर निघतो आणि हवेचा वेग वाढवला की तो एकदम फुटून वरच्या सुरात उडी मारतो. हा जो 'फुटणं' प्रकार आहे ना तोच खरा खेळ, गूजचा होंक म्हणजे खालून वर मारलेली ती उडी. नवीन रीड ताठ असते म्हणून ती उडी मारायला जास्त हवा मागते, रोज वाजवून वाजवून ती लवते, तिला हलकासा बाक येतो आणि मग तेवढ्याच हवेत आवाज लवकर फुटतो. ब्रेक इन म्हणतात ते एवढंच, त्यात कुठलं तेल लावायचं नाही, गरम पाण्यात बुडवायचं नाही, काही नाही. रोज 15-20 मिनिटं वाजवा, माझ्या कॉलला साधारण दीड महिना लागला, तुमच्या गट्सवर थोडं कमीजास्त होईल.

पण खरं सांगू का, ब्रेक इनच्या नावावर आपण आपला कच्चेपणा खूप खपवतो. मी वैतागून एकदा कॉल घेऊन इथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे गेलो होतो, ज्याच्या शेतात आम्ही बसतो, म्हटलं हा पीस खराब आहे, परत करतो. त्याने काही न बोलता तो घेतला, शर्टाला पुसला, आणि त्याच 'खराब' ताठ रीडमधून अख्खा थवा उठवला. होंक, क्लक, दोन-दोन क्लक एकामागे एक, आणि मधेच जमिनीवर चरणारे गीज आपसात कुरकुरतात तसं काहीतरी, अंगणातला कुत्रा उठून आकाशात बघायला लागला. मग कॉल माझ्या हातात देऊन म्हणाला, कॉल ठीक आहे. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

आपली चूक नेहमी हवेत असते. आपण फुगा फुगवतो तसे गाल फुगवून फुंकतो, त्याने काही होत नाही. चष्म्याच्या काचेवर वाफ सोडताना 'हाऽऽ' करतो ना, ती पोटातून येणारी गरम हवा पाहिजे. ज्यांनी लहानपणी गाण्याच्या क्लासला जाऊन खर्ज लावलाय त्यांना हे पटकन कळतं, मला नाही कळलं कारण मी क्लास बुडवून क्रिकेट खेळायचो. एक हात पोटावर ठेवून बघा, हवा सोडताना पोट आत ओढलं जायला पाहिजे, खांदे वर यायला नकोत. कॉल दातात धरायचा नाही, ओठांवर नीट टेकवायचा, कोपऱ्यातून हवा सुटता कामा नये.

मग हात. नवीन माणसाला वाटतं हात फक्त धरायला आहेत, पण अर्धा आवाज हातात आहे. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट इन्सर्टच्या टोकाभोवती, उजव्या हाताने त्याला झाकण, ओंजळीत पाणी धरल्यासारखं, अगदी बारीक फट ठेवून. ही बंद ओंजळ हवेला थोडी अडवते आणि त्या उलट्या दाबामुळेच रीड सहज फुटते. तुमचा आवाज पिपाणीसारखा येतोय म्हणजे मला पैजेवर वाटतंय की हात उघडे ठेवून नुसती जोरात हवा मारताय. आज संध्याकाळी ओंजळ बंद करून, हवा अर्धी करून बघा.

पहिले दोन आठवडे फक्त खालचा सूर, इथले लोक त्याला मोन म्हणतात. लांब, सरळ, न थरथरता, एका श्वासात जेवढा जाईल तेवढा. कंटाळवाणं आहे, माहिती आहे. तो स्थिर झाला की त्याच सुरातून हळूहळू हवेचा वेग वाढवत न्यायचं, एका ठिकाणी तो आपोआप वर फुटेल, ती जागा सापडली की तिथेच शंभर वेळा ये-जा करायची. त्यानंतर क्लक, म्हणजे होंकच पण अगदी तोकडा, सुरुवातीलाच तोडलेला. कॉलमध्ये 'टू-इट' म्हटल्यासारखं करायचं, 'टू' वर खालचा सूर, 'इट' वर जीभ टाळूला लावून हवा कापायची. हळू करा. सगळ्यांना यूट्यूबवरच्या पोरांसारखं मशीनगन क्लकिंग करायचं असतं, मलाही होतं, पण ज्याचा एक क्लक साफ नाही त्याचे दहा क्लक म्हणजे दहा घाण आवाज. मी फोनवर मेट्रोनोम लावून करायचो, सेकंदाला एक, तेवढंच.

सराव कुठे हा मोठा प्रश्न, अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर विसरा, आमच्या खालच्या मजल्यावरची बाई घरात प्राणी पाळलाय का विचारायला आली होती आणि बायकोने तिला हो, एक पाळलाय असं सांगितलं. मी गाडीत करतो, म्हणजे गाडी पार्क करून, काचा वर करून, चालवताना नको कारण दोन्ही हात लागतात हे वर सांगितलंच. फक्त एक आहे की गाडीत आवाज फार भारी वाटतो, बाहेर मोकळ्यावर तोच बारीक होतो, म्हणून आठवड्यातून एकदा मैदानात जाऊन फोन रेकॉर्डिंगवर लावून पन्नास पावलं लांब ठेवायचा आणि मग ऐकायचं. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा वाईट वाटेल, ऐका तरी.

आणि खऱ्या गीजना ऐका, याला पर्याय नाही. तुम्ही रॉचेस्टरच्या जवळ असाल तर सिल्व्हर लेकला जा. तिथल्या पॉवर प्लांटच्या गरम पाण्यामुळे ते तळं हिवाळ्यात पूर्ण गोठायचं नाही म्हणून हजारोंनी कॅनडा गीज थांबायचे, आणि 1962 साली हॅरल्ड हॅन्सन नावाच्या संशोधकाला इथेच कळलं की जी 'जायंट' कॅनडा गूज जात संपली असं सगळे धरून चालले होते ती या तळ्यावर निवांत चरत बसलीय. पार्कात कॉल काढायचा नाही, बेंचवर बसायचं आणि बघायचं कोण कधी काय बोलतो. उतरणारा थवा वेगळं बोलतो, भांडणारे नर वेगळं, आणि पोट भरून गवतावर बसलेले जवळजवळ काहीच बोलत नाहीत, नुसती कुजबुज. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता, मी घरी येऊन वाजवलं की म्हणायचा बाबा हा रागावलेला आहे, हा भुकेलेला आहे, आणि बहुतेक वेळा बरोबर असायचा.

हे ऐकणं का महत्त्वाचं ते मला पहिल्या सीझनला कळलं. ओटच्या कापलेल्या शेतात पहाटे डिकॉय, म्हणजे नकली गीज मांडून बसलेलो, वीसेक पक्ष्यांचा थवा लांबून दिसला, मी होंक केले, वळले, आमच्याकडे तोंड करून पंख ताणून सरळ खाली यायला लागले, आणि मी आनंदाच्या भरात जेवढं येत होतं तेवढं सगळं वाजवलं. साठ-सत्तर यार्डावर अख्खा थवा उभा फुटला आणि गेला पलीकडच्या काउंटीत. शेतकरी आजोबा कॉलकडे बोट दाखवून म्हणाले, खिशात. थवा पाठ फिरवतोय, बाजूने निघालाय, तेव्हा वाजवायचं, आणि तो तुमच्याकडे तोंड करून येतोय तेव्हा गप्प बसायचं किंवा फार तर हलका मोन, कारण येणाऱ्याला अजून बोलवायचं कशाला. पाहुणा दारात चप्पल काढत असताना आपण 'या या या या' ओरडत राहिलो तर तोसुद्धा विचारात पडेल.

रीडबद्दल परत. पहिला महिना गट्स बाहेर काढू नका. नंतर कधी काढलेत तर आधी बारीक पेनाने रीड टोन बोर्डवर कुठपर्यंत आहे त्याची खूण करा किंवा फोटो काढा, नाहीतर परत तो आवाज सापडणार नाही, मी तीन संध्याकाळी घालवल्यात. रीड केसभर बाहेर ओढली तर आवाज खोल आणि सावकाश, आत ढकलली तर चढा आणि चटपटीत. घासायची नाही, कारण घासलेलं परत येत नाही आणि बिघडलेल्या रीडवर शिकलेली हवा नवीन रीडवर चालत नाही. थुंकी अडकून आवाज बसला तर इन्सर्टच्या टोकातून उलटी जोरात फुंक, आणि घाण बसली तर एक डॉलरची नोट रीडखालून अलगद सरकवायची, सगळे तेच करतात. ही काही गाजराची पुंगी नाही की वाजली तर वाजली नाहीतर मोडून खाल्ली, दीडशे डॉलर घातलेत तुम्ही. दोन महिन्यांनीही अजिबात जमलं नाही तर फ्लूट कॉल म्हणून दुसरा प्रकार मिळतो तो घ्या, त्याला कमी कसब लागतं, लाजायचं काही नाही. स्पीकरवर रेकॉर्डिंग लावायचा विचार मात्र करू नका, कॅनडा गीजसाठी ते फेडरल कायद्याने साधारणपणे बंद आहे. आणि तुमचा जन्म 1979 नंतरचा असेल तर मिनेसोटात लायसन्सच्या आधी फायरआर्म्स सेफ्टीचं सर्टिफिकेट लागतं, शिवाय पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठीचा 25 डॉलरचा फेडरल डक स्टँप, हे आत्ताच उरका, ऑगस्टअखेर धावपळ होते.

महाराष्ट्रातून कोणी हे वाचत असेल तर तिकडे शिकार 1972 च्या कायद्याने बंद आहे, उजनी-जायकवाडीला हिवाळ्यात येणाऱ्या पट्टकदंबांना हिमालय ओलांडून आल्यावर आपल्या पिपाणीचा त्रास नको, दुर्बीण घेऊन जा.

अजून एक, सप्टेंबरात लागणार नाही पण डिसेंबरपर्यंत टिकलात तर लागेल. इथल्या थंडीत श्वासाची वाफ रीडवर गोठते आणि ऐन थवा डोक्यावर असताना कॉलमधून नुसता 'फुस' येतो. गळ्यातल्या दोरीला बाहेर लटकवत ठेवू नका, जॅकेटच्या आत घाला. आमचे ते आजोबा त्यांचा कॉल सरळ काखेत धरून बसतात, कधीच गोठत नाही, त्यांच्या कॉलचा आवाज आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात गोड आहे आणि तो वाजवून बघतोस का असं त्यांनी विचारलं की आम्ही सगळे एकदम आकाशात थवा शोधायला लागतो.