ट्रकवरचं मलेशियन जेवण : आधी काय मागवू?

प्रश्न : ताई, मी मूळची चिपळूणची, आता मेलबर्नला असते. ऑफिसखाली दर गुरुवारी मलेशियन फूड ट्रक लागतो, लाइन बघून जावंसं वाटतं पण मेन्यूतलं काही कळत नाही, नासी लेमाक, लाक्सा, रोटी चनाई, हे सगळं थाईसारखंच असतं का? मी मासे खाते, नवरा फक्त अंडं खातो. आम्ही काय घ्यावं? आणि तिथे सुकटीसारखा वास येतो तो कसला?

उत्तर : अगं वासाचंच आधी सांगते, कारण तुला तो बरोब्बर कळलाय. ते बलाचान. जवळ्यासारखी बारीक कोळंबी मीठ घालून कुटायची, आंबवायची, उन्हात वाळवायची आणि वड्या पाडायच्या. ती भाजून लाल मिरचीबरोबर वाटली की सांबल होतो, आणि हा सांबल त्यांच्या जेवणात सगळीकडे असतो. आपलं सांबार वेगळं हं.

तू पहिल्यांदा नासी लेमाकच घे. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, त्यात पांदानचं पान (आंबेमोहोरासारखा वास येतो बघ), बाजूला सांबल, तळलेले शेंगदाणे, काकडी, उकडलेलं अंडं आणि कुरकुरीत तळलेले इकान बिलिस, म्हणजे मांदेलीच्याच कुळातले बारीक सुके मासे. मी क्वालालंपूरला चार वर्षं होते तेव्हा सकाळी रस्त्यावर केळीच्या पानात बांधलेल्या याच्या पुड्या मिळायच्या, लोक ऑफिसला जाताना उचलायचे, म्हणून मला वाटतं ट्रकवर खायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. सगळं एकत्र कालवून टाकू नकोस, घासाघासाला थोडा सांबल घे.

थाईसारखं म्हणशील तर नारळ, गवती चहा तेच, पण मलेशियात मलय, चिनी आणि तमिळ स्वयंपाक शेजारीशेजारी वाढलेत त्यामुळे धणे-जिरं-बडीशेपही भरपूर. रेंडांगमध्ये, म्हणजे मसाल्यात आटवून शिजवलेल्या मटणासारख्या पदार्थात, तर भाजून कुटलेलं खोबरं घालतात, त्याला केरिसिक म्हणतात, आपल्या वाटणाची आठवण येते. मात्र रेंडांग बहुतेक बीफचं असतं, तुला चालत नसेल तर चिकनचं आहे का ते आधी विचार.

लाक्सा म्हणजे रश्शातल्या नूडल्स, मुख्यतः दोन तऱ्हेचा असतो. करी लाक्सा नारळाच्या दुधाचा, दाट. आसाम लाक्सा पेनांगचा, त्यात नारळ नाही, बांगड्यासारख्या माशाचा आंबट रस्सा, आसाम म्हणजे आंबट, आपल्या आसामशी काही संबंध नाही. आंबटपणाला चिंच आणि आसाम केपिंग घालतात, ते ज्या फळाचे वाळवलेले काप असतात ते झाड आपल्या कोकमाचं भाऊबंद आहे, दोन्ही गार्सिनियाच. तुला कोकणातलीला हा आवडेल अशी मला खात्री आहे, पण दुसऱ्या गुरुवारी घे.

आता नवऱ्याचं, आणि इथे मात्र नीट लक्ष दे. मेन्यूवर ‘व्हेज’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, नूडल्समध्ये भाज्याच दिसतात पण परतताना बलाचानवाला सांबल घातलेला असतो. माझी एक शाकाहारी मैत्रीण तिकडे आली होती, तिने अर्धी प्लेट संपवल्यावर आम्हाला कळलं, आणि मीच तिला मागवून दिलं होतं याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून थेट विचारा, ‘सांबलमध्ये बलाचान आहे का, सुकी कोळंबी आहे का?’ लाक्साच्या मसाल्यातही ती असते, तेव्हा त्याला लाक्सा नको.

त्याला रोटी चनाई घे. मैद्याची कणीक तेला-तुपात भिजवून हवेत फिरवत कागदासारखी पातळ करतात, घडी घालून तव्यावर भाजतात, तमिळ मुसलमानांनी तिकडे रुजवलेला पदार्थ आहे हा. अंडं घातलेली हवी तर ‘रोटी तेलुर’ म्हणायचं. सोबत डाळ येते, पण काही जण डाळीवर चिकन किंवा माशाच्या करीचा रस्सा ओततात, तेव्हा ‘फक्त डाळ’ असं सांगून घे.

वरून तेह तारिक. कंडेन्स्ड मिल्कचा चहा उंचावरून ओतून फेस आणलेला, फार गोड असतो, ‘कुरांग मानिस’ म्हटलं की कमी गोड देतात. आणि ट्रकवर चेंडोल असेल तर दोघांत एक घ्या, त्यात नारळाचं दूध, बर्फ, हिरव्या शेवया आणि गुला मेलाका असतो. गुला हा शब्द आपल्या गुळाचाच, संस्कृत गुडवरून गेलेला, आणि हा गूळ ताडवर्गातल्या झाडांच्या रसाचा असतो.