मुलांना ‘ओझचा जादूगार’ खरंच समजला की नाही, हे कसं तपासावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमच्या शाळेतली सहावी-सातवीची मुलं ही कादंबरी मराठीतून वाचताहेत. ‘डोरोथीच्या कुत्र्याचं नाव काय’ असं विचारलं की सगळ्यांचे हात वर, पण ‘गोष्ट सांग’ म्हटलं की शांतता. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात, वाचनालयाच्या ओसरीवर शनिवारी मुलांकडून वाचून घेते. त्याआधी नोकरीही जिल्हा परिषद शाळेतच झाली. त्या अनुभवावरून सांगते.

कुत्र्याच्या नावाचा प्रश्न आधी बंद करा. ‘टोटो’ हे उत्तर बाजूच्या पोट्ट्याच्या वहीतूनही मिळतं. ज्याचं उत्तर एका वाक्यात आयतं पडलेलं असतं, तो प्रश्न फार तर पान उघडलं होतं एवढंच सांगतो.

अमेरिकन लेखक फ्रँक बॉमचं हे पुस्तक १९०० सालचं आहे, आणि आपल्या कामासाठी फार सोयीचं आहे, कारण त्यातली पात्रं स्वतःबद्दल जे बोलतात आणि प्रत्यक्षात जे करतात, ते जुळत नाही. वावटळीनं ओझ देशात नेऊन टाकलेली डोरोथी घरी परतायला मदत मागत जादूगाराकडे निघते, आणि वाटेत तिला तिघे सोबती भेटतात. बुजगावणं म्हणतं, मला अक्कल नाही. पत्र्याचा लाकूडतोड्या म्हणतो, मला काळीज नाही. सिंह म्हणतो, मी भित्रा. लेखक मध्ये येऊन ‘हे खोटं आहे बरं का’ असं कुठेही सांगत नाही, ते वाचणाऱ्यानं ताडायचं असतं. म्हणून मी सरळ विचारते, ‘बुजगावण्याले अक्कल नाही, हे तुले कोणी सांगितलं?’ ज्यानं नुसत्या ओळी वाचल्या तो म्हणतो, ‘पुस्तकात लिवलं हाये.’ ज्याला समजलं तो थोडा थांबतो. एका मुलीचं उत्तर असं होतं: ‘थो सोताच म्हन्ते, मॅडम. पन खंदकावर झाड आडवं पाडाचं तं त्यालेच सुचलं ना!’ तिथं तपासणी संपली. लाकूडतोड्याचंही तसंच. पायाखाली किडा मेला म्हणून तो रडतो, आसवांनी जबडा गंजून बंद पडतो, आणि तरी पुढं काळीज मागायला निघतो. हे विचित्र वाटलं का, एवढंच विचारा.

आता माझा सगळ्यात आवडता प्रश्न. जादूगाराच्या पाचूच्या नगरीत शिरताना वेशीवरचा रखवालदार सगळ्यांना हिरवा चष्मा घालून कुलूप लावतो. राजवाड्यात डोरोथीला हिरवा रेशमी झगा मिळतो, टोटोच्या गळ्यात हिरवी फीत बांधतात. बाराव्या प्रकरणात ते पश्चिमेच्या चेटकिणीला शोधायला नगरीबाहेर पडतात, वेशीवर चष्मे काढून घेतले जातात, आणि थोडं चालल्यावर झगा आणि फीत दोन्ही पांढरे दिसतात. असं का झालं, हे लेखक तिथं सांगत नाही. खुलासा थेट पंधराव्या प्रकरणात, जादूगाराचं बिंग फुटल्यावर येतो. म्हणून बारावं प्रकरण संपताच पुस्तक मिटायला लावा आणि विचारा, ‘झगा पांढरा काऊन झाला?’ आपल्याकडची निम्मी पोरं म्हणतील, ‘उन्हानं रंग उडाला.’ विदर्भातल्या पोराला ते सुचणारच, त्याला दोष देऊ नका. पण ते उत्तर त्यानं स्वतःच्या अंगणातून आणलेलं असतं, पुस्तकातून नाही. चष्म्यापर्यंत मागे जाऊन धागा जोडला, तर समजा की मूल वाचतंय.

याच कारणानं पहिल्या प्रकरणावरचे काही प्रश्न आपल्या भागात फसवे ठरतात. डोरोथीचं घर अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये. तिथल्या माळावर उन्हानं नांगरलेली जमीन भाजून करडी पडलेली, घराचा रंग उन्हानं पोपडे येऊन पावसानं धुऊन गेलेला. ‘घराचा रंग का गेला?’ असं एप्रिल-मे काढलेल्या कोणत्याही मुलाला विचारा, पुस्तक न वाचता बरोबर सांगेल. त्याऐवजी, इतक्या रुक्ष जागी डोरोथीला परत कशाला जायचंय हे विचारा, कारण बुजगावण्यालाही नेमका तोच प्रश्न पडतो. यावर मुलं भरभरून बोलतात, कोणाचा भाऊ पुण्याला कंपनीत गेलेला असतो, कोणाची बहीण लग्न होऊन. बोलू द्या, पण ते ऐकून ‘समजलं’ अशी खूण करू नका. मग डोरोथी काय म्हणाली, हे नंतर विचाराच.

मोबाईलवर सिनेमा पाहून आलेली पोरं ओळखायला सोपी. १९३९ च्या सिनेमात डोरोथीचे बूट लाल आहेत, पुस्तकात चांदीचे. सिनेमाच्या शेवटी ती अंथरुणात जागी होते, म्हणजे सगळं स्वप्न. पुस्तकात तसं नाही. ती परत येते तेव्हा पायात बूट नसतात, ते वाटेत वाळवंटात पडलेले असतात, आणि हेन्री काकांनी वावटळीत उडालेल्या घराच्या जागी नवं घर बांधलेलं असतं. ‘हे स्वप्न होतं का? कशावरून?’ असं विचारलं की नव्या घराकडे बोट दाखवणारं एखादं पोर निघतंच. (सिनेमा पाहू देऊ नये असं माझं म्हणणं नाही. पुस्तक संपल्यावर पाहू द्या, तुलना छान होते.)

गप्प बसणाऱ्या मुलांचं काय? ते गप्प का आहेत, हे आधी वेगळं काढा. वाचनाचे अभ्यासक गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेली एक साधी कल्पना मला फार उपयोगी पडली: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, म्हणून एक शून्य तर सगळं शून्य. तेव्हा त्या मुलाला एक पान तुम्ही वाचून दाखवा आणि तोच प्रश्न विचारा. ऐकून उत्तर आलं तर त्याला गोष्ट कळते, अडतंय ते अक्षरं उलगडण्यात. त्याला या कादंबरीआधी बारक्या गोष्टी द्या. ऐकूनही नाही आलं तर अनुवादाची पुस्तकी मराठी आड येत असेल, मग वऱ्हाडीत सांगून बघा. उत्तर तर वऱ्हाडीतच घ्या. ‘मला’ ऐवजी ‘मले’ म्हटल्यावर मध्ये टोकलं की पोरगं पुढचं वाक्य गिळतं.

लेखी घ्यायचं असेल तर पुस्तक उघडं ठेवू द्या आणि प्रत्येक उत्तरापुढे पान क्रमांक लिहायला सांगा. पाठांतर आपोआप बाद होतं.

एक मात्र आधी बघून घ्या. मूळ पुस्तकात चोवीस प्रकरणं आहेत. तुमच्याकडचा अनुवाद संक्षिप्त असेल तर झग्याचा प्रसंग त्यात असेलच असं नाही. नसला तर तेवढा भाग तुम्हीच तोंडी सांगा, आणि मग प्रश्न विचारा.