एकोणचाळीस म्हणजे फॉर्टी-नाइन नव्हे

तुमचा प्रश्न वाचला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पुण्यात गोडाऊनवर बिलिंगचं काम, फोनवर समोरचा इंग्रजीत रक्कम सांगतो आणि तुमचा हात थबकतो. वर पहिलीतली मुलगी हसते. 'वन टू हंड्रेड पाठ आहे, तरी ऐन वेळी चुकतं' असं तुम्ही म्हटलंय. त्या एका वाक्यात तुमचं अर्धं उत्तर आहे.

मी सोलापुरात सव्वीस वर्षं बँकेत कॅशला होते. मीही मराठी माध्यमातलीच. नोकरीच्या पहिल्या वर्षी दुसऱ्या शाखेतून फोनवर रकमा सांगायचे आणि मी टिपून घ्यायचे. एकदा त्यांनी 'थर्टी-नाइन थाउजंड' सांगितलं, मी २९,००० लिहिले. संध्याकाळी मेळ बसेना. आमचे हेड कॅशियर शांतपणे म्हणाले, "बरोबर दहा हजारांचा फरक आहे ना? मग पैसे कुठे गेले नाहीत. कुणीतरी मराठीत विचार केलाय."

झालं असं होतं की थर्टी ऐकून डोक्यात 'तीस' आलं, नाइन ऐकून 'नऊ', आणि तीस-नऊचं मी केलं एकोणतीस! एकोण म्हणजे एक उणे, एक कमी. एकोणतीस हा तिसाच्या एक पायरी अलीकडे, आणि थर्टी-नाइन तिसाच्या नऊ पायऱ्या पलीकडे. दोन्हींत तीस आहे, म्हणून कान फसतो. उलटंही होतं, म्हणजे मनात एकोणचाळीस असतं आणि तोंडून फॉर्टी-नाइन निघतं. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, सगळीकडे हाच सापळा. नव्व्याण्णव तेवढा सुटलाय, त्याच्यात 'एकोण' नाही.

दुसरी गाठ क्रमाची. आपण 'पंचवीस' म्हणताना आधी पाच बोलतो, मग वीस. त्रेचाळीस, सदुसष्ट, सगळं एककापासून. इंग्रजीत आधी दशक. पण तिथेही तेरा ते एकोणीसची गंमत आहे. फोर्टीनमध्ये चार आधी येतो, आपल्या चौदासारखाच. म्हणून एकोणीसपर्यंत मराठी मुलाला इंग्रजी आकडे सोपे वाटतात आणि ट्वेन्टी-वनपासून गाडी घसरते. माझ्या शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण कन्नड घरातली होती. तिला हा घोळ कधी झालाच नाही, कारण कन्नडमध्ये एकवीस म्हणजे 'इप्पत्तोंदु', वीस-एक. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'सोबत 'वीस सात' असं वाचन दिलं, त्यावरून विधानसभेपर्यंत गदारोळ झाला आणि बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांना त्याची बाजू मांडावी लागली, ते आठवत असेल. मला स्वतःला सत्तावीसच आवडतं, पण जोडाक्षरांत अडखळणारी मुलं मी पाहिलीत, त्यामुळे नारळीकरांचं म्हणणं मला उडवून लावावंसं वाटलं नाही.

तर उपाय. शब्दावरून शब्दावर उडी मारू नका, मध्ये आकडा ठेवा. एकोणसाठ ऐकलं की आधी डोळ्यांसमोर ५९ आणा, मग डावीकडून वाचा: फिफ्टी, नाइन. फोनवर थर्टी ऐकताच कागदावर ३ लिहून मोकळे व्हा, पुढचा शब्द ऐकून ९. मराठी शब्द मनात येऊच देऊ नका. सुरुवातीला हळू होईल, होऊ द्या.

पाठांतराचं म्हणाल तर इंग्रजीत ते फारच थोडं आहे. वन ते नाइन्टीन एकोणीस शब्द आणि ट्वेन्टी ते नाइन्टी आठ शब्द. या सत्तावीस शब्दांत नव्व्याण्णवपर्यंत सगळं बसतं. त्यात हंड्रेड, थाउजंड, लाख, क्रोर घातले की तुमचं बिलिंग आटोपलं. आपण मात्र शंभरापर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा पाठ करतो आणि तरी इंग्रजीला घाबरतो!

ऐकण्यात एकच जागा खरी अवघड आहे, थर्टीन की थर्टी, फिफ्टीन की फिफ्टी. टीनवाल्या शब्दात शेवटचं 'टीन' लांबतं आणि त्याच्यावर जोर येतो. टीवाल्यात जोर पहिल्या अक्षरावर आणि शेवट आखूड. पण गोडाऊनच्या गोंगाटात हे ऐकू येईलच असं नाही. तिथे सरळ विचारा, "वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?" यात कसलाही कमीपणा नाही. मी निवृत्त होईपर्यंत विचारत होते.

लिहिताना चुका ठरलेल्या जागी होतात. फोर, फोर्टीन, फोर्थ यांत यू आहे, पण फॉर्टीत नाही: एफ-ओ-आर-टी-वाय. मी पाहिलेल्या दर दुसऱ्या स्लिपवर तो यू घुसवलेला असायचा. फाइव्हचा व्ही फिफ्टीन, फिफ्टी, फिफ्थमध्ये एफ होतो, ट्वेल्व्हचाही ट्वेल्फ्थमध्ये तसाच. एटीन आणि एटीत टी एकच. नाइन्टीन, नाइन्टीत नाइनचा ई राहतो, नाइन्थमध्ये जातो. ट्वेन्टी-वन ते नाइन्टी-नाइन मध्ये आडवी रेघ द्या. आणि टू हंड्रेड्स, फाइव्ह थाउजंड्स असं लिहू नका. मराठीत आपण 'पाच हजारे रुपये' म्हणतो का? तसंच.

आता खरी मजा. मालाचा भाव सांगताना आपली माणसं सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीच हजार, साडेबाराशे, पाऊण लाख असं बोलतात. आमच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ होते. इंग्रजीत यांना एकेक शब्द नाहीत, रक्कम मोडूनच सांगावी लागते. पावणेदोनशे म्हणजे १७५: वन हंड्रेड अँड सेव्हन्टी-फाइव्ह. अडीच लाख: टू लाख फिफ्टी थाउजंड. इथेही तेच, आधी आकडा लिहा. पावणेदोनचं 'टू'ने सुरू होणारं भाषांतर करायला गेलात की मेलात. घड्याळात मात्र पावणे चालतं. पावणेआठ म्हणजे क्वार्टर टू एट, अगदी आपल्याच तऱ्हेने.

स्वल्पविरामाचं थोडक्यात सांगते. आपण १,२५,००० लिहितो, परदेशी पार्टीच्या कागदावर तोच १२५,००० असतो. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, आपला अब्ज. तुमच्या कामात एवढं पुरे. फोन नंबरातलं 'डबल टू' आपल्याकडे चालतं, पण परदेशी माणूस त्यावर गोंधळू शकतो. त्याला एकेक आकडा सांगा.

चेकची भीती वाटते म्हणालात. फॉर्टीचं स्पेलिंग चुकलं म्हणून मी कधी चेक परत केला नाही. पण अक्षरी आणि अंकी रक्कम जुळली पाहिजे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १८ नुसार दोन्हींत फरक असेल तर अक्षरी रक्कम खरी धरतात, आणि प्रत्यक्षात बँक बहुधा असा चेक परतच पाठवते. शेवटी 'ओन्ली' लिहा, म्हणजे पुढे कुणाला शब्द घुसवता येत नाही. अगदीच अडलात तर मराठीत लिहा, 'मात्र' लिहा, चालतं. अंकांचं मात्र सांभाळा. आमच्याकडे एका आजोबांनी स्लिपवर मराठी १ काढला होता, नव्या मुलाने तो इंग्रजी नऊ म्हणून वाचला. खाली अक्षरी 'एक हजार' होतं म्हणून बरं.

सरावाला पुस्तक नको. सिग्नलला उभे असाल तेव्हा पुढच्या गाडीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे इंग्रजीत वाचा. महिनाभरात जीभ वळते. आणि लेक हसते ना, तिला खेळात घ्या. तिने इंग्रजीत आकडा सांगायचा, तुम्ही न बोलता फक्त लिहायचा. मग पाळी बदला. तुम्ही एकोणऐंशी म्हणा आणि ती काय लिहिते ते बघा.